निंगप्पाची जागा

शिवलिंगप्पाच्या घरात कोऱ्या हाताचं माणूस म्हणून नव्हतं. आजा मैंदर्गीत निळीचं काम करायचा, त्याचे हात कोपरापर्यंत निळे. बाप सोलापूरला आला, त्याचे हात तांबडे-काळे. आणि शिवलिंगप्पाचे तर विचारूच नका, सोमवारी हिरवे असले तर गुरुवारी नारिंगी. त्याच्या लग्नात नवरदेवाचे हात बघून मुलीकडच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या, तेव्हा बापानं भर मांडवात सुनावलं होतं, "हसा की. हात रंगलेत म्हंजे पोरगं रिकामं बसत न्हाय." साखर पेठेच्या मागच्या त्या गल्लीत ही गोष्ट कुणाला समजावून सांगावी लागत नसे. तिथली माणसं गटाराचं पाणी बघून सांगायची, आज कुणाच्या रंगखान्यात काय चाललंय ते. घाम रंगीत यायचा, थुंकी रंगीत यायची. असल्या घरात वाढलेला माणूस रंगाला भ्यायचा तरी कसा?

आणि तिथंच सगळा घोळ झाला. एखाद्या मास्तराच्या नाहीतर वाण्याच्या घरात पुढं जे झालं त्याचं खरं कारण दोन दिवसांत उघडं पडलं असतं. इथं महिना गेला.

शिवलिंगप्पाचा एकुलता एक पोरगा निंगप्पा नागपंचमीनंतर कामाला गेला होता, मुंबईच्या पल्याड, खाडीकाठी. बहात्तरच्या दुष्काळाला दोन वर्षं होऊन गेली होती, तरी सोलापूर अजून पुरतं सावरलं नव्हतं. वीज यायची आणि जायची. मागावरून कापड निघायचं, पण इथल्या बाजारात त्याला उठाव नव्हता. उठाव होता तो बंदरावर. टावेल म्हणा, चादरी म्हणा, सगळं तिकडं जायचं आणि तिथून जहाजानं बाहेरच्या मुलखात. त्या बाहेरच्या गिऱ्हाइकाला रंग पक्का लागायचा, कितीही धुतला तरी न हलणारा. आणि हा पक्का रंग ज्या पावडरीनं यायचा, ती पावडरही त्याच खाडीकाठच्या कारखान्यांत व्हायची. आता बघा गंमत. पावडर तिकडून यायची, माल तिकडंच जायचा, आणि मधल्या मध्ये सोलापूरनं राबायचं. शिवलिंगप्पाला त्यात काही वावगं वाटत नसे. आपल्या रंगखान्याच्या हौदातून निघालेलं सूत कुठल्या तरी गोऱ्या माणसाचं अंग पुसतं, याचंच त्याला मोठं कौतुक होतं.

ही सगळी ने-आण हाशम करायचा. स्वतःचा ट्रक, स्वतःच चालवायचा. जाताना कापडाचे गठ्ठे, येताना पावडरीची पिंपं. तोंडाचा गोड, आणि गोष्टी अशा सांगायचा की ऐकणाऱ्याच्या हातातला चहा गार व्हावा. "अण्णा, तिकडं काय आहे, दिवस मावळतच नाही. जिकडं बघावं तिकडं दिवे. चिमण्या, टाक्या, जेट्टीवर जहाजं उभी. अख्ख्या देशाचा माल तिथनं बाहेर जातो. कामाला तोटा नाही, माणूस कमी पडतो." हे ऐकून शिवलिंगप्पानंच त्याच्यापाशी शब्द टाकला. पोरगं रंग लावायला शिकलंय, आता रंग करायला शिकेल, चार वर्षांनी येऊन इथंच आपला लहानसा कारखाना काढेल, असा त्याचा बेत. हाशमनं कारखान्यातल्या मुकादमाला गाठून निंगप्पाला पावडरीच्या शेडमध्ये चिकटवून दिलं. रत्नम्माला, म्हणजे निंगप्पाच्या आईला, हे मनापासून पटलं नव्हतं. पण त्या घरात तिला कोणी विचारलं होतं म्हणता?

निंगप्पा परत आला तो संक्रांतीला, सिद्धरामेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेला. महिनाभराची रजा काढून आला होता. हाशमच्या ट्रकमधून उतरला तेव्हा आईनं त्याला आधी ओळखलंच नाही. गाल बसलेले, तळहात तांबूस-पिवळे, नखं पिवळी, डोळ्यांतलं पांढरंसुद्धा पिवळसर. शिवलिंगप्पा मात्र खूश. पोराला घेऊन गल्लीभर हिंडला आणि जो भेटेल त्याला त्याचे हात दाखवत सुटला. "बघा की. आमी इतकी वर्सं हौदात हात घालतोय, पर असला रंग चढला न्हाय." रत्नम्मानं बघितलं ते वेगळंच. पोरगं एका भाकरीवर उठतंय, आणि सकाळी उशीवर डोक्याएवढा पिवळा डाग पडलेला असतोय. तिनं अभ्रा बदलला आणि धुवायला टाकला.

चार-पाच दिवसांनी पहाटे शिवलिंगप्पा परसात गेला, तर निंगप्पा मोरीत भिंतीला हात टेकून उभा होता आणि ओठ आवळून लघवी करत होता. मोरीच्या फरशीवरून जे पाणी वाहत होतं ते लाल होतं.

"कवापासनं?" शिवलिंगप्पानं विचारलं.

"झालं की बरेच दिवस," निंगप्पा खाली बघत म्हणाला. "आधी पिवळं व्हायचं अप्पा. आता असं."

"आग होती?"

"होती थोडी. घडीघडीला जावं लागतंय."

शिवलिंगप्पानं वाकून नीट पाहिलं, आणि तुम्हाला खोटं वाटेल, पण तो हसला. "एवढंच व्हय. अरे, सा म्हयनं नाकातोंडात पावडर जाती, ती बाहेर नको यायला? रंग उतरतोय. सुताची लडी धुताना पयलं पाणी लालच निघतंय की. पाणी पी भरपूर, आठ दिवसांत साफ होतंय." बाप रंगारी, आजा रंगारी. त्याच्या डोक्यात दुसरं काही यायला जागाच नव्हती. निंगप्पाचाही जीव भांड्यात पडला. बाप म्हणतोय म्हणजे तसंच असणार.

आणि शिवलिंगप्पानं ही गोष्ट लपवलीही नाही. रंगखान्यात, पानपट्टीवर, सगळीकडं सांगत सुटला. गल्लीलाही गंमत वाटली. निंगप्पाला पिळला तर दोन लड्या आयत्या निघतील, असं कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. त्यात धुळाप्पाही हसला. हा धुळाप्पा मूळचा सांगोल्याकडचा. दुष्काळात त्याची सगळी मेंढरं गेली, मग बायकापोरं घेऊन सोलापुरात आला आणि शिवलिंगप्पाच्या रंगखान्यात सूत पिळायला लागला. माणूस अबोल, अंगानं दांडगा. पुन्हा मेंढरं घेऊन गावी जायचं, एवढा एकच ध्यास. त्याचा थोरला पोरगा भीमा विशीचा, रेल्वेच्या मालधक्क्यावर मिळेल ते ओझं उचलायचा.

आठ दिवस गेले, पंधरा गेले. निंगप्पा तांब्यावर तांब्या पाणी पीत होता आणि रंग काही फिका होत नव्हता. एकदा जेवताना शिवलिंगप्पानं सहज विचारलं, "तुझ्या शेडमधी जुनी माणसं असतील की. त्यांना पण होतंय का असं?"

निंगप्पाचा घास हातातच राहिला. "जुनं माणूस न्हाय अप्पा आमच्या शेडमधी."

"म्हंजे?"

"म्हंजे न्हायच. मीच सगळ्यात जुना. बाकीचे माझ्यामागनं आलेले."

"नवा असंल कारखाना."

"कारखाना लई जुना हाय. शेडच्या पत्र्याला भोकं पडल्यात." निंगप्पानं हातातला घास ताटात ठेवला. "माझ्या आधी तिथं एक गुलबर्ग्याकडचा होता म्हणत्यात. त्याचा डबा अजून खुंटीला हाय. गावी गेला, आला न्हाय."

शिवलिंगप्पानं ते ऐकलं आणि कोरड्यासात भाकरी कुस्करली. बघणाऱ्याला वाटलं असतं, त्याला काही फरक पडला नाही. पण त्या दिवशी त्यानं पुढची भाकरी मागितली नाही. मनात आलेली गोष्ट माणूस कशी दाबतो बघा. उठल्यावर हात धुता धुता तो स्वतःशीच म्हणाला, तरण्या पोरांचं मन लागत नाही एका जागी, जातात सोडून.

रत्नम्मा मात्र गप्प बसणारी नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं नवऱ्याला रंगखान्यातून हाताला धरून परसात आणलं. भर कामातून अशी ओढून आणायची तिची ही पहिलीच वेळ. दोरीवर दोन फडकी वाळत होती. एक रंगखान्यातलं, लाल हौदात बुडवून पिळलेलं. दुसरं निंगप्पाच्या धोतराचं फाडलेलं टोक.

"सकाळी दोन्ही ओली होती," ती म्हणाली. "दोन्ही लाल होती. आता बघा."

रंगखान्यातलं फडकं लालभडक होतं. धोतराचा तुकडा उन्हानं तपकिरी पडला होता आणि कडक झाला होता.

"तुमचा रंग वाळला तरी लाल ऱ्हातो. हे वाळून असं झालं. गार पाण्यात धुतलं तर निघतं, ऊन पाण्यात धुतलं तर बसतं." मग ती कानडीत बोलायला लागली. घरात काही मोठं घडलं की ती कानडीवर जायची. "वयात आल्यापासून मी हे डाग धुते. बायकांना हे कोणी शिकवावं लागत नाही. हे रक्त आहे. माझ्या लेकराचं रक्त मोरीतनं चाललंय आणि तुम्ही गल्लीला हसवताय."

शिवलिंगप्पा आधी चिडला. तुला रंगातलं काय कळतं, असं म्हणायला त्यानं तोंडही उघडलं. पण रंगातलं त्यालाच तर कळत होतं. त्यानं तो कडक तुकडा बोटांत धरून चोळला. असा रंग त्यानं उभ्या जन्मात कुठल्या हौदातून काढला नव्हता. तो तिथंच धुण्याच्या दगडावर बसला.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीण बाईंनी निंगप्पाला तपासलं, नळीनं लघवी काढली, बाटली उजेडाला धरून पाहिली. शिवलिंगप्पानं त्यांनाही रंगाचं सांगून पाहिलं. रत्नम्माचं चुकलं असलं तर बरं, अशी एक आस माणसाला असतेच. बाईंनी ऐकून घेतलं. "यात रंग नाही, बाबा," त्या म्हणाल्या. "त्या पावडरीनं ह्याची लघवीची पिशवी आतून सोलून निघालीय. काय काम करता, हे मी आता पेशंटला आधीच विचारते. दिवाळीपासून हा तिसरा. तिघेही खाडीकडून आलेले."

"बरा होईल की?"

"पुन्हा त्या शेडमध्ये पाय टाकला नाही तर रक्त थांबेल. पण एक लक्षात ठेवा. रक्त दिसायला लागतं ते फार शेवटी. आतलं काम पहिल्या दिवसापासून चालू झालेलं असतं. याला दर वर्षी आणून दाखवायचं."

"किती वर्सं?"

बाईंनी त्याच्याकडं पाहिलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. "तो जिवंत आहे तोवर," त्या म्हणाल्या.

बाहेर आल्यावर बापानं पोराला सांगून टाकलं, परत जायचं नाही. निंगप्पानं थोडी कुरकुर केली. जागा जाईल, मुकादमाला शब्द दिलाय, हाशमचाचा खोटा पडेल. "जागा गेली खड्ड्यात," शिवलिंगप्पा म्हणाला. "तू माझ्यासमोर बसून निस्त्या भाकरी खाल्ल्यास तरी चालंल." आणि त्या दिवशी त्याला फार दिवसांनी सपाटून भूक लागली. पोरगं वाचलं. देवळात जाऊन त्यानं सिद्धरामेश्वरापुढं डोकं टेकलं. आपल्या हातून आणखी काही व्हायचं राहिलंय, असं तेव्हा त्याच्या मनातही आलं नाही.

शिवरात्र झाली आणि हाशम गठ्ठे भरायला आला. शिवलिंगप्पानं त्याला सगळं सांगितलं, फडक्यापासून डॉक्टरीणबाईंपर्यंत. हाशमनं टोपी काढून मांडीवर ठेवली आणि बराच वेळ ती चाचपत बसला.

"या अल्ला," तो म्हणाला. "नको पाठवूस पोराला. मी सांगतो मुकादमाला. पण अण्णा, त्याच्या जागी माणूस द्यावा लागेल. या खेपेलाच. नाहीतर पिंपं उचलू देत नाही तो मला."

"तिकडं मुंबईत काय माणसं कमी हायत?"

"तिकडची नाही घेत तो. सोलापूर, गुलबर्गा, लातूर, असली लांबची पोरं घेतो."

"का?"

हाशम सांगून गेला, आणि सांगता सांगता त्याचं त्यालाच ऐकू आलं. "लांबचा माणूस आजारी पडला की गावी जातो. तिथं कोणाच्या नजरेला पडत नाही." मग तो हळूच म्हणाला, "जाताना गठ्ठे नेतो मी. येताना पिंपं आणतो. गेल्या दोन वर्षांत येताना तीन आजारी पोरं पण आणली. एक गुलबर्ग्याचा होता. मला वाटलं, हवा मानवली नसेल."

बाहेर हमाल गठ्ठे चढवत होते. हौदापाशी सूत पिळणारा धुळाप्पा हे सगळं ऐकत होता, याच्याकडं कोणाचं लक्ष गेलं नाही. तो उठला, हात पुसले आणि कोणाला काही न सांगता घरी गेला.

संध्याकाळी तो नारळ आणि खडीसाखर घेऊनच दारात आला. मागं भीमा. अंगात धुतलेला सदरा, केस तेल लावून चापून बसवलेले.

"मालक, तुमचं लई उपकार," धुळाप्पा म्हणाला. "निंगप्पाची जागा भीमाला मिळाली. हाशमभाईशी बोललो मी. उद्या सकाळच्याला निगायचं."

हे शिवलिंगप्पाला सुचायला हवं होतं. पोराला त्या जागेवरून काढलं म्हणजे जागा नाहीशी होत नाही, ती रिकामी होते, आणि रिकामी जागा शेजारच्या दाराकडं बघते. त्यानं नारळ घेतलाच नाही. "धुळाप्पा, पोराला पाठवू नगंस. ते रक्त हाय."

"रक्त?"

"रक्त. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय. मी चुकलो. रंग न्हाय त्यो."

धुळाप्पानं नारळ उंबऱ्यावर ठेवला. एरवी तो मालकाच्या डोळ्याला डोळा देत नसे. आज दिला. "म्हयनाभर तुमीच समद्यास्नी सांगताय रंग हाय म्हून. आज जागा आमच्या वाट्याला आली आन् त्येचं रक्त झालं व्हय?"

"अरे, शपथ घेऊन सांगतो."

"मैंदर्गीचा पुतण्या हाय की तुमचा. त्येच्यासाटी राकून ठेवायची आसंल."

हे मात्र शिवलिंगप्पाला लागलं. रत्नम्मा आतून आली, तिनं आपल्या परीनं सांगून पाहिलं, तो वाळलेला तुकडासुद्धा आणून दाखवला. धुळाप्पानं त्याच्याकडं पाहिलं, न पाहिल्यासारखं केलं. शेवटी शिवलिंगप्पा म्हणाला, "बरं. तुला पोराला काम पायजे ना? मी घेतो त्याला. उद्यापासनं हौदावर यिऊ दे."

"तुमच्या हौदात बी त्याच पिंपातली पावडर हाय की मालक," धुळाप्पा म्हणाला.

शिवलिंगप्पानं आपले हात बघितले. त्या दिवशी ते लाल होते. रत्नम्माही त्याच्या हातांकडंच बघत होती. मग धुळाप्पा पोराला घेऊन गेला. नारळ उंबऱ्यावरच राहिला. तो उचलायचा की तसाच ठेवायचा, हे घरात कोणालाच कळेना.

सकाळी ट्रक गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला. गठ्ठ्यांवर ताडपत्री ओढली होती. हाशम टायरला लाथा मारून हवा बघत होता. भीमा पाया पडायला आला. आधी रत्नम्माच्या पडला, मग शिवलिंगप्पाच्या. शिवलिंगप्पानं त्याचे दोन्ही हात धरले. ओझी उचलून घट्टे पडलेले, पण स्वच्छ, अंगाच्याच रंगाचे हात. ते सोडवेनात त्याला. भीमा अवघडून हसला. "म्हयन्याला कागद धाडतो की काका."

तेवढ्यात निंगप्पा घरातून आला. रक्ताचं कळल्यापासून तो लाजून कोणासमोर येत नव्हता. त्यानं भीमाचा दंड धरला आणि त्याला परसात नेलं, मोरीपाशी. दार लोटून घेतलं. काय बोलणं झालं ते बाहेर ऐकू आलं नाही. भीमा बाहेर आला तेव्हा त्याचं तोंड उतरलं होतं. तो बापाकडं गेला, काहीतरी पुटपुटला. धुळाप्पानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला ट्रककडं वळवलं. जोरानं नाही, अगदी मायेनं वळवलं. भीमा चाकावर पाय देऊन वर चढला आणि ताडपत्रीवर बसला. ट्रक मोहोळवरून मुंबईकडं जाणाऱ्या रस्त्याला लागला. धुळाप्पाच्या बायकोनं दारोदार पेढे वाटले. रत्नम्मानं पेढा घेतला आणि हातातच धरून ठेवला.

दुपारी रंगखान्यात काम होतंच. त्याच ट्रकनं आलेलं नवं पिंप फोडायचं होतं, बंदराची ऑर्डर थांबत नसते. सूत पिळायला दोघं लागतात, एकानं एक टोक धरायचं, दुसऱ्यानं दांडीनं पीळ द्यायचा. शिवलिंगप्पा आणि धुळाप्पा समोरासमोर उभे राहिले. शिवलिंगप्पाच्या मनात राग होता, आणि रागाखाली दुसरं काहीतरी होतं, त्याचं नाव घ्यायला तो तयार नव्हता. आपलं पोरगं घरात झोपलंय, एवढंच तो मनाशी घोकत होता.

पीळ देता देता धुळाप्पा थांबला. खालच्या आवाजात म्हणाला, "मालक, निंगप्पाला कवा दिसाय लागलं?"

"काय?"

"त्येच. लाल."

शिवलिंगप्पाच्या हातातली लडी सैल पडली. म्हणजे काल उंबऱ्यावर उभं राहून भांडत होता, तेव्हाही या माणसाला सगळं पटलेलं होतं. हाशमचं बोलणंही त्यानं ऐकलं होतं. सगळं ऐकून, सगळं पटून त्यानं पोराला वर चढवलं होतं. शिवलिंगप्पानं लडी पुन्हा घट्ट धरली. "दिवाळीच्या सुमाराला," तो कसाबसा म्हणाला.

"आन् गेलता पंचमीला."

"व्हय."

धुळाप्पानं ओल्या अंगठ्यानं बोटांची पेरं मोजली. ओठ हलत होते. मोजून झाल्यावर त्याच्या तोंडावर थोडं समाधान आलं. "म्हंजे वैशाख सरंस्तवर धकतंय आमच्या भीमाचं. तवर मी मेंढरांचं काय तरी जमवतो. दिसायच्या आदीच बोलावून घ्यू त्याला. मग काय व्हत न्हाय."

शिवलिंगप्पाला वाटलं, गप्प बसावं. ट्रक गेला, आता सांगून काय उपयोग, या माणसाला तेवढे दिवस तरी सुखानं झोपू द्यावं. पण महिनाभर तो खोटं बोलत आला होता, खरं समजून बोलत होता तरी ते खोटंच होतं, आणि आता जाणूनबुजून बोलायचं त्याच्या जिवावर आलं.

"दिसतंय ते शेवटाला दिसतंय, धुळाप्पा," तो म्हणाला. "बाईंनी सांगितलंय. आत पयल्या दिवसापासनंच सुरू होतंय."

धुळाप्पा लडीचं टोक धरून तसाच उभा राहिला. सुताचं पाणी त्याच्या पायांवर गळत होतं. त्यानं दाराबाहेरच्या उन्हाकडं पाहिलं, सावली कुठवर आलीय ते पाहिलं.

"आता गाडी कुटवर गेली आसंल, मालक?" त्यानं विचारलं.

"इंदापूरच्या पुढं," शिवलिंगप्पा म्हणाला.